लेखन भरघोस, साहित्य तोकडे : कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजचा इंग्रजी विभाग

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात, इंग्रजी शिकावे का, असे कोणी विचारले तर मला दोन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतात. इंग्रजीत विचार मांडायला, लिहायला आणि लिहिलेले पुन्हा लिहायला शिकायचे असेल, तर इतक्या कमी खर्चात इतक्या बारकाईने शिकवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. इंग्रजी साहित्याचा पाया पक्का करायचा असेल, तर मात्र तेथे जे मिळते त्याच्या दुप्पट वाचन स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची तयारी ठेवावी लागते. मी अशा एका कॉलेजच्या इंग्रजी विभागात प्रथम वर्षाचे लेखन, त्यापुढचा चिकित्सक विचार व लेखन, अमेरिकन साहित्याचे सर्वेक्षण आणि सर्जनशील लेखनाची कार्यशाळा एवढे अभ्यासक्रम पूर्ण केले. कॉलेजचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे नोंदवलेल्या गुणदोषांपैकी बहुतेक एका कॉलेजचे नसून राज्याच्या व्यवस्थेचेच आहेत.

या दोन उत्तरांत एवढे अंतर पडण्याचे कारण शिक्षकांच्या कुवतीत शोधू नये. अनेकदा तेच प्राध्यापक सकाळी लेखनाचा आणि दुपारी साहित्याचा वर्ग घेतात. फरक आहे तो विषयाच्या स्थानात. पदवी घेऊ पाहणाऱ्या किंवा पुढे विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो लेखापाल होणार असो की परिचारिका, प्रथम वर्षाचे लेखन चुकत नाही. त्यामुळे त्या विषयाचे वर्ग सकाळपासून रात्रीपर्यंत भरतात, त्यासाठी शिकवणी केंद्र चालते, ग्रंथपाल वेळ राखून ठेवतात आणि विभागाच्या बैठकांतली चर्चाही बहुतेक त्याच्याभोवतीच फिरते. साहित्य ऐच्छिक आहे. सक्तीचे अपत्य पोसले जाते आणि ऐच्छिक अपत्य उरल्यासुरल्यावर वाढते, असा हा संसार आहे.

या संस्थांची घडणही हेच सांगते. अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉय राज्यात जॉलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. कॅलिफोर्नियात १९१० साली फ्रेस्नो येथे पहिले कॉलेज निघाले. पुढे १९६० च्या मास्टर प्लॅनने राज्यातील उच्च शिक्षणाची वाटणीच करून टाकली. शालेय शिक्षण संपवणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य विद्यापीठ (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि ज्याला शिकायचे आहे अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज, अशी ती वाटणी होती. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि प्रवेशासाठी कोणतीही गुणवत्ता यादी लागत नाही. ‘प्रत्येकाला’ या शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकल्यावरच कळतो. शाळेत असतानाच कॉलेजचे युनिट (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) मिळवणारी सोळा वर्षांची मुलगी, सैन्यातून परतलेला तरुण, मुले मोठी झाल्यावर अर्धवट पदवी पूर्ण करायला आलेली आई आणि रात्रपाळी करून थेट वर्गात येणारा रुग्णालयाचा कर्मचारी हे सगळे एकाच ओळीत बसलेले असतात. अशा संस्थांकडे दुय्यम म्हणून पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचे शिक्षण शिकागोच्या विल्सन ज्युनियर कॉलेजात (कम्युनिटी कॉलेजांना तेव्हा हेच नाव होते) झाले होते आणि १९३६ साली तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी पुढे चार वर्षांच्या पदवीचा मार्ग धरला नव्हता.

खर्चाचा भाग थोडक्यात सांगता येतो. राज्याचे रहिवासी असलेल्यांना २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर शुल्क आहे, म्हणजे चार युनिटांचा लेखनाचा अभ्यासक्रम १८४ डॉलरला पडतो. आरोग्य सेवा, वाहनतळ अशी किरकोळ शुल्के वेगळी. ज्यांना रहिवासी मानले जात नाही त्यांना मात्र याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. रहिवासी ठरण्यासाठी राज्यात एक वर्षाहून अधिक वास्तव्य आणि येथेच राहण्याचा हेतू कागदपत्रांनी दाखवावा लागतो. जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर आलेल्यांना ही वाट खुली आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना नाही. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पाठ्यपुस्तकाचा खर्च शून्य असल्याची खूण असते आणि ती पाहूनच वर्ग निवडणारे पुष्कळ असतात. लेखनाच्या वर्गासाठी ते योग्यच आहे. साहित्याच्या वर्गात मात्र फुकट मिळणारा मजकूर म्हणजे प्रताधिकार संपलेला मजकूर, त्यामुळे वाचनाची यादी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अडखळते, हे त्या खुणेत लिहिलेले नसते.

आता लेखनाच्या वर्गाकडे येतो, कारण या विभागाचा खरा जीव तेथे आहे. २०२५ च्या शरद सत्रापासून हा अभ्यासक्रम राज्यातील सर्व कॉलेजांत ‘इंग्लिश सी १०००’ या एकाच क्रमांकाने ओळखला जाऊ लागला आहे. त्याआधी प्रत्येक कॉलेजचा क्रमांक वेगळा असे आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्याची त्यात बरीच धांदल उडे. सत्रभरात विद्यार्थ्याने काही हजार शब्द लिहावेत अशी अपेक्षा असते, पण शब्दसंख्येवरून या वर्गाची कल्पना येत नाही. तेथे निबंध एकदा लिहून देण्याची वस्तू मानला जात नाही. आधी दोन-तीन पानांचा कच्चा खर्डा, मग सहाध्यायांचे वाचन, मग प्राध्यापकांशी दहा-पंधरा मिनिटांची समोरासमोर बैठक, मग दुसरा खर्डा आणि त्यानंतर गुण, असा क्रम प्रत्येक निबंधाला असतो. गुण मिळाल्यावरही निबंध पुन्हा लिहून देण्याची मुभा अनेक प्राध्यापक देतात.

या क्रमातला सर्वांत मोलाचा टप्पा कच्च्या खर्ड्यावरच्या शेऱ्यांचा आहे. आमच्या प्राध्यापिका पहिल्या खर्ड्यावर व्याकरणाची एकही चूक दुरुस्त करीत नसत. समासात त्या फक्त प्रश्न लिहीत. समाजमाध्यमांचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत, असे कोणी मध्यवर्ती विधान केले, तर शेजारी एवढेच लिहिलेले असे : याला नकार कोण देईल? ज्याला कोणीच नकार देणार नाही, ते विधान सिद्ध करण्यात वाचकाचा वेळ घालवू नये, ही गोष्ट त्या एका प्रश्नातून जितकी पक्की बसते तितकी व्याख्यानातून बसत नाही. दुसरा आवडता प्रश्न असे : हे वाक्य कोणत्या परिच्छेदाच्या कामाचे आहे? लिहून झालेल्या निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाचे एका ओळीत सार काढायचे आणि त्या ओळी एकाखाली एक ठेवून युक्तिवाद पुढे सरकतो की जागच्या जागी फिरतो हे तपासायचे, हा उलट्या आराखड्याचा सराव तर प्रत्येक निबंधाला करावाच लागे. व्याकरणाची पाळी दुसऱ्या खर्ड्यानंतर येई आणि तीही सरसकट नव्हे. ज्याच्या त्याच्या लेखनात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या दोन-तीन सवयींपुरतीच.

भारतात शिकून आलेल्यांना या वर्गात दोन धक्के बसतात. निबंधाची सुरुवात सुभाषिताने किंवा मानवजातीच्या आरंभापासून करण्याची आपली रीत तेथे पहिल्याच आठवड्यात मोडीत निघते, आणि थोरामोठ्यांचे मत म्हणजेच पुरावा हा समजही टिकत नाही. उताऱ्यातली कोणती शब्दयोजना, कोणते उदाहरण, कोणती आकडेवारी तुमच्या विधानाला आधार देते ते दाखवा आणि तो आधार कसा मिळतो तेही तुमच्याच शब्दांत सांगा, असा आग्रह असतो. अवतरण टाकून पुढे निघून जाणे हा तेथला सर्वांत जास्त गुण खाणारा दोष आहे. संदर्भ देण्याची एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) पद्धत काटेकोरपणे शिकवली जाते. माझ्या मते तिच्यावर गरजेपेक्षा अधिक वेळ जातो, कारण स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे यासाठी संपूर्ण तास देण्यापेक्षा ग्रंथपालांचा एक तास वाढवला असता तर बरे झाले असते. ग्रंथपालांनी एका तासात जेस्टोर आणि एब्स्को या ऑनलाइन लेखसंग्रहांमध्ये शोध कसा घ्यावा, एखाद्या लेखाची विश्वासार्हता कशी जोखावी आणि आपल्या विरोधातला लेख मुद्दाम कसा शोधावा हे दाखवले, तेवढा उपयोगी तास मला दुसरा आठवत नाही.

सहाध्यायांच्या वाचनाबद्दल मात्र हात राखून लिहावे लागते. कागदावर ही कल्पना फार चांगली आहे, पण प्रत्यक्षात निम्मे सहाध्यायी ‘छान लिहिले आहे’ एवढेच लिहून मोकळे होतात आणि उरलेल्यांतले काही प्राध्यापकांच्या प्रश्नावलीतली वाक्ये उतरवून देतात. ज्या प्राध्यापकांनी अभिप्रायालाच गुण ठेवले त्यांच्या वर्गात हे काम गांभीर्याने झाले; जेथे तो केवळ उपचार होता तेथे तो तास वाया गेला. काही वर्गांत हल्ली करारावर आधारित गुणांकन चालते. ठरलेले सगळे काम ठरलेल्या वेळेत आणि मनापासून केले की ठरलेली श्रेणी मिळते. लेखनाच्या दर्जाला वेगळे गुण नसतात. भीतीने बोटे आखडलेल्या विद्यार्थ्याला त्याने मोकळीक मिळते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही आपले लेखन नेमके कोठे उभे आहे हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याच्या हाती अशा वर्गातून अपुरे उत्तर पडते आणि पुढे विद्यापीठात गेल्यावर ते उत्तर एकदम, तेही कडक शब्दांत मिळते.

वर्गाची घडण समजून घ्यायची तर २०१७ चा एबी ७०५ हा कायदा माहीत असावा लागतो. त्याआधी प्रवेश घेणाऱ्याची परीक्षा होत असे आणि ती नीट गेली नाही तर त्याला पदवीत न धरल्या जाणाऱ्या पूर्वतयारीच्या वर्गांच्या साखळीत बसवले जाई. त्या साखळीतून प्रथम वर्षाच्या लेखनापर्यंत पोहोचण्याआधीच बरेच विद्यार्थी गळत. या कायद्याने ती परीक्षा गेली, शाळेतील गुणांवरून किंवा परदेशात शिकलेल्यांच्या बाबतीत मार्गदर्शनाखाली स्वतःच केलेल्या निवडीवरून जागा ठरू लागली, आणि २०१९ च्या शरद सत्रापर्यंत सर्व कॉलेजांनी हा बदल अंमलात आणला. आता ज्याला मदत हवी त्याने त्याच वर्गासोबत जोडवर्ग घ्यायचा असतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी ईएसएलचा (दुसरी भाषा म्हणून इंग्रजीचा) स्वतंत्र मार्ग आहेच, आणि शालेय शिक्षण मराठीतून झालेल्यांनी तो कमीपणाचा मानू नये. तेथले वाक्यरचनेचे शिक्षण मुख्य वर्गापेक्षा अधिक शिस्तशीर असते. कायद्याचा हेतू मला पूर्ण पटतो. पण त्याची किंमत मुख्य वर्गात मोजली जाते. एकाच वर्गात सलग दहा पाने न वाचलेला विद्यार्थी आणि वृत्तपत्रात लेख छापून आलेला विद्यार्थी असेल, तर पहिले काही आठवडे परिच्छेद म्हणजे काय यातच जातात आणि तयारीने आलेल्याला तोपर्यंत ताटकळावे लागते.

शिक्षकांवरचा भार हा या व्यवस्थेचा सर्वांत दुखरा भाग आहे. कॉलेजातील लेखन-शिक्षकांची अमेरिकेतील प्रमुख संघटना, कॉन्फरन्स ऑन कॉलेज कंपोझिशन अँड कम्युनिकेशन, लेखनाच्या वर्गात वीसपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत आणि शक्यतो पंधराच असावेत असे सांगते. आमच्या वर्गाची मर्यादा २८ होती. पूर्णवेळ प्राध्यापकाकडे सत्राला असे पाच वर्ग असले तर १४० विद्यार्थी होतात. एका निबंधाला पंधरा मिनिटे दिली तरी निबंधांचा एक गठ्ठा तपासायला ३५ तास लागतात, आणि असे चार निबंध, तेही खर्ड्यांसह. त्यातही वर्ग घेणाऱ्यांत मोठा वाटा अर्धवेळ प्राध्यापकांचा असतो. एका कॉलेज-जिल्ह्यात, म्हणजे एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या प्रशासकीय घटकात, पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम त्यांना देता येत नाही असा राज्याचा नियम आहे, म्हणून ते दोन-तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत एकाच दिवशी शिकवतात. त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ हे नाव पडले आहे ते उगाच नव्हे. माझे सर्वांत चांगले लेखन-शिक्षण अशाच एका अर्धवेळ प्राध्यापिकांकडून झाले, पण त्यांना भेटायचे तर वर्ग सुटल्यावरच्या वीस मिनिटांतच भेटावे लागे, कारण त्यांना स्वतःची खोली नव्हती आणि पुढचे कॉलेज चाळीस मैलांवर होते. निबंध कधी आठवड्यात परत मिळे, कधी तीन आठवड्यांनी. दुसऱ्या एका प्राध्यापकांचे शेरे सत्राच्या उत्तरार्धात एका शब्दावर आले होते, आणि त्यांच्यावरचा भार पाहता त्याचे नवल वाटले नाही. शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र तो एकच शब्द आला, हेही खरे.

ही उणीव काही अंशी लेखन केंद्र भरून काढते. तेथे वेळ ठरवून अर्धा तास बसता येते, वेगळे शुल्क नसते, आणि शिकवणारे बहुधा विभागाचेच वरचे विद्यार्थी किंवा अर्धवेळ प्राध्यापक असतात. ते निबंध दुरुस्त करून देत नाहीत आणि ही अट ते कसोशीने पाळतात. सत्राच्या पहिल्या महिन्यात तेथे जागा सहज मिळते, शेवटच्या महिन्यात मिळत नाही, एवढे ओळखून वागावे.

साहित्याच्या वर्गात गेल्यावर हवा बदलते. राज्याच्या कॉलेजांत साधारणपणे साहित्य-परिचय, ब्रिटिश साहित्याचे दोन भाग, अमेरिकन साहित्याचे दोन भाग, जागतिक साहित्य आणि कोठे बालसाहित्य, कोठे शेक्सपिअर असे वर्ग यादीत असतात. यादी भरगच्च दिसते. ब्रिटिश साहित्याच्या पहिल्या भागात अँग्लो-सॅक्सन काव्यापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे हजार वर्षांचे लेखन सोळा ते अठरा आठवड्यांत उरकायचे असते, आणि अमेरिकन साहित्याचा पहिला भाग आदिवासींच्या मौखिक कथांपासून यादवी युद्धाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १८६५ पर्यंत धावतो. मी घेतलेल्या वर्गात संकलन-ग्रंथ वजनदार होता आणि वाचन त्यातल्या उताऱ्यांचे होते. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन तेवढे पूर्ण वाचले गेले आणि त्यावरचे तीन तास या सत्राचे सार्थक करणारे होते, कारण प्राध्यापकांनी गुलामाला वाचायला शिकवण्याविरुद्धचे त्या काळातले कायदे आणि डग्लस यांची वाक्यरचना ही दोन्ही एकाच चर्चेत आणून ठेवली. इतर लेखकांना एवढा वेळ मिळाला नाही. एमिली डिकिन्सन यांच्या कवितांना एक तास मिळाला, आणि त्यातलाही बराचसा वेळ त्यांच्या ओळींतल्या आडव्या रेघांचे विरामचिन्ह म्हणून काय करायचे याच्या चर्चेत गेला.

वेळेच्या टंचाईपेक्षा मला एक वेगळी गोष्ट अधिक खटकली. लेखनाच्या वर्गाची पद्धत येथे साहित्यावर जशीच्या तशी लादली जाते. कविता वाचली की तिच्याविषयीचे विधान काय, पुरावा कोणत्या ओळीत, प्रतिवाद कोणता, असा धोशा लगेच सुरू होतो. युक्तिवादाच्या निबंधाला ही शिस्त शोभते. कवितेच्या बाबतीत मात्र विद्यार्थी ती पूर्ण ऐकण्याआधीच तिच्यातले पुरावे खणू लागतात. लय, छंद, एखाद्या शब्दाचा त्या शतकातला अर्थ, कवीने कोणाचे अनुकरण केले आणि कोणाला उत्तर दिले, या गोष्टींना गुणदानाच्या तक्त्यात रकानाच नसतो, म्हणून त्या वर्गातही राहत नाहीत. कथानक, पात्र, विषय, प्रतीक या चार खुंट्यांवर सगळे टांगून पुढे जाण्याची सवय लागते. ही सवय घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात गेलेल्यांना समीक्षेचे सिद्धान्त आणि १८०० पूर्वीचे साहित्य एकदम अंगावर येते. साहित्यप्रकारांचा इतिहास स्वतंत्रपणे वाचलेल्यांना ही उडी झेपते.

आणि मुळात वर्ग भरेल का, हा प्रश्न असतोच. नोंदणी कमी झाली की वर्ग रद्द होतो, आणि रद्द होणाऱ्यांत साहित्याचे वर्ग पुढे असतात. आमच्याकडे ब्रिटिश साहित्याचा दुसरा भाग वर्षातून एकदाच जाहीर होई. एका वर्षी तो सत्र सुरू होण्याच्या आठवड्यातच रद्द झाला आणि त्यावर अवलंबून असलेल्यांना शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात जागा शोधावी लागली. इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्याने पहिल्याच सत्रात दोन वर्षांचा आराखडा बांधावा आणि एका वर्गाला दोन पर्याय हाताशी ठेवावेत.

सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळेबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही, पण जे आहे ते बरेचसे चांगले आहे. आठवड्याला दोघा-तिघांची कथा किंवा कविता सर्वांना आधी वाटली जाते, वर्गात तिच्यावर चर्चा होते आणि ती चालू असताना लेखकाने गप्प बसायचे असते. वयाने आणि अनुभवाने इतक्या वेगवेगळ्या लोकांनी आपली कथा वाचणे ही गोष्ट नामवंत विद्यापीठांच्या वर्गांतही सहसा मिळत नाही. कौतुकाचे प्रमाण मात्र जरा जास्त असते. काही कॉलेजे स्वतःचे वाङ्मयीन नियतकालिकही चालवतात. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचे ‘रेड व्हीलबॅरो’ हे त्यांतले परिचित नाव.

ऑनलाइन वर्गांबाबत सावधगिरी हवी. २०२० नंतर लेखनाचे अनेक वर्ग ठरलेली वेळ नसलेले, कॅन्व्हस या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवरच चालणारे झाले आहेत. नोकरी करणाऱ्याला ते सोयीचे असले तरी समोरासमोरची बैठक आणि वर्गातली वादावादी, म्हणजे या अभ्यासक्रमाचा निम्मा जीव, त्यांत नसतो. चर्चाफलकावर एक नोंद आणि दोन उत्तरे असा हिशेब पुरा करण्याकडे कल राहतो. विद्यार्थी-साहाय्याचे पैसे लाटण्यासाठी खोट्या नावांनी नोंदणी करणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव राज्यातील कॉलेजांना गेली काही वर्षे होत आहे आणि त्यांचे लक्ष्य प्रामुख्याने हेच वर्ग असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला दिसला तरी प्रतीक्षायादीत नाव घालून प्राध्यापकांना पत्र लिहावे, खोटी नावे वगळली की जागा निघते.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यापासून लेखनाच्या वर्गाची रीत बदलू लागली आहे. काही प्राध्यापक वर्गातच हाताने लिहायला लावतात, काही गुगल डॉक्समधील बदलांचा इतिहास मागतात, काही खर्ड्यांच्या बैठकीत तोंडी प्रश्न विचारतात. या तिन्ही उपायांनी लेखनाच्या प्रक्रियेकडे अधिक लक्ष गेले, म्हणून मला ते मान्य आहेत. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबणारे प्राध्यापक मात्र टाळावेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले निबंध अशी साधने चुकीने यंत्राचे ठरवतात, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले आहे आणि आपल्यासारख्यांना त्याची झळ आधी बसते. वर्ग निवडण्यापूर्वी अभ्यासक्रम-पत्रिकेत यासंबंधीचा परिच्छेद वाचावा आणि आपले खर्डे तारखांसह जपून ठेवावेत.

पुढे विद्यापीठात जाण्याची सोय हा या कॉलेजांचा दुसरा भक्कम भाग आहे. २०१० च्या कायद्याने आलेली हस्तांतरणासाठीची सहयोगी पदवी साठ युनिटांत पूर्ण होते आणि ती असलेल्याला राज्य विद्यापीठाच्या एखाद्या तरी शाखेत (कॅम्पसमध्ये) जागेची हमी मिळते. हवी तीच शाखा मिळेल असे मात्र नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखांशी प्रवेशाच्या हमीचा करार करता येतो आणि त्याचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या कराराबाहेर आहेत. कोणता वर्ग कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल हे असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर विषयवार पाहता येते. समुपदेशकांच्या तोंडी माहितीवर न थांबता ते स्वतः पाहावे, कारण समुपदेशकांकडेही विद्यार्थी शेकड्यांनी असतात.

केवळ लेखन सुधारायचे आहे, पदवी नको, असे असेल तर प्रथम वर्षाचा वर्ग आणि त्यापुढचा चिकित्सक विचाराचा वर्ग हे दोन पुरेत, आणि ते श्रेणीऐवजी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या पर्यायाने घेता येतात का हे नोंदणीच्या वेळी विचारावे. ते नियमित सत्रातच आणि प्रत्यक्ष वर्गात बसून घ्यावेत. उन्हाळी सत्र लवकर संपते म्हणून अनेकजण त्याकडे वळतात. पण एका युनिटमागे किमान ४८ तासांचे काम धरलेले असते, म्हणजे चार युनिटांचे १९२ तास, आणि सहा आठवड्यांच्या सत्रात त्याचे आठवड्याला ३२ तास होतात. एवढ्या घाईत खर्डा परत येण्याआधीच पुढचा निबंध सुरू करावा लागतो, आणि ज्या शेऱ्यांसाठी हा वर्ग घ्यायचा ते वाचायलाच वेळ उरत नाही.